फळांच्या बियांचें नवें माहात्म्य

गेल्या श्रावणांत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. हातांत पिशवी होती, आणि पिशवींत जाड कागदाचा एक सुबक पुडा. पुड्यावर जर्दाळूचें रंगीत चित्र, आणि खालीं मोठ्या अक्षरांत 'कडू जर्दाळूच्या निवडक बिया' असें छापलेलें. त्याच्या मातोश्रींच्या स्तनांत गांठ निघाली होती. ती कर्करोगाची आहे, परंतु अद्याप पसरलेली नाहीं, असा तपासणीचा निर्णय मिळाला होता आणि शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती. इतक्यांत मुंबईहून त्याच्या मामांनीं हा पुडा पाठविला व सोबत निरोप धाडला कीं, कापाकापी कशाला? महिनाभर रोज दहा दहा बिया चावून खाव्या, गांठ विरघळून जाईल; ही गोष्ट डॉक्टर लोक मुद्दाम लपवून ठेवतात. मोबाईलवर दहा ठिकाणांहून फिरत आलेला एक लांबलचक मजकूरही त्यानें आम्हांस वाचून दाखविला. "गुरुजी, आपल्या जुन्या ग्रंथांत असें कांहीं आहे का? आईचा ओढा तिकडेच आहे. तिला हें द्यावें कीं नाहीं, तेवढें सांगा."

आम्ही वैद्य नव्हों, आणि डॉक्टर तर नव्होंच. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. अशा प्रश्नास तत्काळ उत्तर देण्याचा धीर झाला नाहीं. 'पुडा ठेवून जा, आठ दिवसांत पाहून सांगतों,' असें म्हणून आम्हीं त्यास निरोप दिला. तो जिना उतरून गेला आणि मग आमच्या लक्षांत आलें कीं, या प्रकरणांत खरा धोका दिवस दवडण्याचाच आहे. मामांनीं महिना मागितला, तसे आम्हीही आठ दिवस मागून बसलों! त्याच रात्रीं त्यास फोन करून सांगितलें कीं, शस्त्रक्रियेची तारीख बदलूं नको, पुडा आमच्यापाशींच राहूं दे, कारणें मागाहून सांगूं. तीं कारणें जुळवितांना जें वाचलें, आणि पुढें डॉक्टर झालेल्या आमच्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडून जें समजून घेतलें, तें येथें देत आहों. कारण असे पुडे आणखीही पुष्कळ घरीं पोहोंचत असले पाहिजेत.

जर्दाळूची बी आपल्या घरांना अपरिचित नाहीं. दिवाळींत सुका मेवा आला कीं जर्दाळू मोठ्यांनीं खावा आणि त्याची बी मुलांनीं पळवावी, ही रीत आमच्या लहानपणींही होती. दाराच्या बिजागरींत दाबून ती फोडावयाची आणि आंतला बदामासारखा मगज खावयाचा; त्या पायीं बोटें चेंगरल्याचेंही आम्हांस स्मरतें. हा मगज बहुधा गोड असे. एखादा कडूजहर निघाला कीं मुलें थुंकून टाकीत. आणि तें थुंकणें किती शास्त्रशुद्ध होतें, हें आम्हांस आतां कळतें.

कडू बदाम, जर्दाळू, पीच यांच्या बियांतील कडवटपणा ज्या द्रव्याबरोबर येतो त्यास ॲमिग्डालिन म्हणतात. फ्रान्समधील रोबिके आणि बूत्राँ-शार्लार या दोघां रसायनज्ञांनीं तें १८३० सालीं कडू बदामांतून वेगळें काढलें, आणि सात वर्षांनीं व्होलर व लीबिग या जर्मन पंडितांनीं तें फुटतें कसें हें दाखविलें. अखंड बीमध्यें हें द्रव्य एका ठिकाणीं असतें आणि त्यास फोडणारें विकर दुसऱ्या ठिकाणीं. बी दांतांखालीं भरडली गेली कीं दोहोंची गांठ पडते, आणि त्यांतून तीन पदार्थ निघतात : साखर, कडू बदामाचा वास ज्याला असतो तें बेंझाल्डिहाइड, आणि हायड्रोजन सायनाइड. हें तिसरें म्हणजे जुन्या पुस्तकांतील प्रुसिक ॲसिड. तें शरीरांतील पेशींस प्राणवायूचा उपयोग करूं देत नाहीं. रक्तांत प्राणवायु असतो, पण पेशी उपाशी राहतात. भरल्या ताटापुढें हात बांधून बसविल्यासारखी त्यांची स्थिति होते.

झाडाचा यांत दोष नाहीं. फळाचा गर ही झाडानें पशुपक्ष्यांस देऊं केलेली हमाली आहे. बी दूर नेऊन टाकावी, एवढ्यासाठीं. बी मात्र त्याची संतति. ती कोणीं चावून खाऊं नये म्हणून त्यानें तिच्या पदरीं विष बांधलें. 'निसर्गानें बीजांत सर्व शक्ति मनुष्यासाठीं सांठविली आहे,' असें त्या मोबाईलवरील मजकुरांत होतें. आपल्याकडे बीज या शब्दाचें वजन मोठें आहे खरें. छांदोग्य उपनिषदांत उद्दालकानें श्वेतकेतूस वडाचें फळ फोडून त्यांतील बारीकशी बीही फोडावयास सांगितली आहे, आणि तिच्यांत जें दिसत नाहीं त्याचा उपदेश केला आहे. परंतु तेथें बी फोडून पाहावयास सांगितली आहे, खावयास नव्हे.

मात्रेचा विचार सोडला कीं उलट दिशेचा बागुलबोवाही उभा राहतो. सफरचंदाच्या बियांतही ॲमिग्डालिन असतें. म्हणून मुलानें एक बी गिळली कीं विषबाधा झाली असें समजून घाबरणारींही माणसें आहेत. अखंड गिळलेली बी आपल्या टणक सालीसह जशीच्या तशी बाहेर पडते. आणि सायनाइड अगदीं अल्प प्रमाणांत पोटांत गेलें, तर शरीर त्याचें पुष्कळ सौम्य अशा थायोसायनेटमध्यें रूपांतर करून मूत्रावाटें घालवून देतें. कडू जर्दाळूची गोष्ट निराळी, कारण तिच्यांत हें द्रव्य भरपूर असतें. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानें २०१६ सालीं हिशेब करून जाहीर केलें कीं, प्रौढ माणसानें एका वेळीं तीनांहून अधिक लहान कच्च्या बिया खाल्ल्या तर सुरक्षिततेची मर्यादा ओलांडली जाऊं शकते. बी मोठी असेल तर अर्धीही जास्त होऊं शकते. आणि दोनतीन वर्षांच्या मुलास तर एक लहान बीही. मर्यादा ओलांडली कीं माणूस तत्काळ दगावतो असें नव्हे. पण मामांची मात्रा रोज दहांची होती! मळमळ, डोकेदुखी, चक्कर, धाप येथून प्रारंभ होऊन बेशुद्धीपर्यंत गेलेल्या रोग्यांच्या नोंदी वैद्यकांत आहेत. बियांसोबत 'क' जीवनसत्त्वाच्या भरपूर गोळ्या घ्याव्या, अशीही त्या मजकुरांत सूचना होती. त्यानें सायनाइडचा धोका उलट वाढूं शकतो.

मग हा महिमा आला कोठून? कॅलिफोर्नियांत क्रेब्स नांवाचे पितापुत्र होते. त्यांनीं १९५० च्या सुमारास ॲमिग्डालिनच्या जातीच्या द्रव्यास 'लेट्राइल' असें नांव देऊन तें कर्करोगावरील औषध म्हणून पुढें आणलें. त्यांची उपपत्ति ऐकावयास मोठी सुबक. कर्करोगाच्या पेशींत सायनाइड मोकळें करणारें विकर भरपूर आणि तें निर्विष करणारें विकर नाहीं. निरोगी पेशींत याच्या उलट. अर्थात् विष रोगासच मारील, रोग्यास नाहीं. तपासणाऱ्यांस पेशींपेशींत असा भेद आढळला नाहीं. पुढें औषध म्हणून विकण्यास कायदा आड येऊं लागला, तेव्हां धाकट्या क्रेब्सनें त्यास 'बी-सतरा जीवनसत्त्व' म्हटलें. आम्हीं व्याकरण शिकविलेलें असल्यामुळें संज्ञेचा हा खेळ आम्हांस विशेष वाटला. जीवनसत्त्व ही संज्ञा वाटेल त्या द्रव्यास लावतां येत नाहीं. जें आहारांत नसल्यानें विशिष्ट विकार जडतो, त्यासच ती लागते. 'क' नसलें तर स्कर्व्ही, 'ड' नसलें तर मुलांस मुडदूस. 'बी-सतरा' न मिळाल्यानें कोणास कोणताही रोग होत नाहीं. परंतु औषधाला पुरावा मागणारा मनुष्य जीवनसत्त्वाला तो मागत नाहीं, हें त्या नांव ठेवणारानें बरोबर ओळखलें होतें.

१९७० नंतरच्या दहा वर्षांत हें वेड इतकें वाढलें कीं, वीसाहून अधिक अमेरिकन राज्यांनीं लेट्राइलला कायद्यानें मोकळीक दिली. १९७९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें मात्र असा निर्णय दिला कीं, औषध सुरक्षित व गुणकारी असलें पाहिजे हा नियम मरणोन्मुख रोग्यासही लागू आहे. स्टीव्ह मॅक्वीन हा प्रसिद्ध नट मेक्सिकोंत जाऊन असले उपचार घेत होता. १९८० च्या नोव्हेंबरांत तो वारला. अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या साह्यानें मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनीं पुढाकार घेऊन १७८ रोग्यांवर तें पाहिलें, आणि १९८२ सालीं निकाल छापून प्रसिद्ध केला. कोणी बरें झालें नाहीं, कोणाचें आयुष्य वाढल्याचें दिसलें नाहीं. कित्येकांच्या रक्तांत सायनाइड मात्र धोक्याच्या पातळीजवळ चढलेलें आढळलें. जें लपविलें जातें असें मामा म्हणतात, तें असें सर्वांसमक्ष तपासून झालेलें आहे.

वनस्पतींचे गुण डॉक्टर लपवितात हा आरोप तर आपल्या अंगणांतील सदाफुलीच खोडून काढते. तिच्या पानांचा चहा मधुमेहावर गुणकारी म्हणून जमेकांत घेत असत. तीं पानें १९५२ सालीं कॅनडांत आलीं आणि रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेंत पोहोंचलीं. साखरेवर त्यांचा कांहींच परिणाम दिसेना; पण प्रयोगांतील उंदरांच्या रक्तांतल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानें कमी झाल्या. तो धागा धरून नोबल आणि चार्ल्स बीअर यांनीं १९५८ च्या सुमारास व्हिन्ब्लास्टिन वेगळें काढलें, आणि त्याच वनस्पतींतून निघालेलें व्हिन्क्रिस्टिन आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर सर्वत्र देतात. ज्या रोगावर म्हणून कीर्ति होती त्यावर फुकट, आणि ज्याचें कोणीं नांवही घेतलें नव्हतें त्यावर उपयोगी. तपासल्यावांचून हें कळलें कसें असतें? (हें वाचून कोणीं सदाफुलीचीं पानें चघळूं नयेत. तीं विषारी आहेत.)

मजकुरांत हुंझा खोऱ्याचाही दाखला होता. तेथील लोक जर्दाळूच्या बिया खातात, म्हणून त्यांस कर्करोग होत नाहीं व ते सव्वाशें वर्षें जगतात! जेथें जन्माच्या नोंदी ठेवीत नसत, तेथें सव्वाशें वर्षें मोजलीं कोणीं? जॉन क्लार्क हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ १९५० च्या सुमारास तेथें राहून दवाखाना चालवीत होता, आणि हगवण, जंत, हिंवताप, डोळ्यांचे विकार यांनीं पीडलेलीं माणसें त्याच्या दारीं येत.

परदेशच्या बीला नांवें ठेवून घरच्या बीला सूट देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. आपल्याकडे मान आहे तो जांभळाच्या बियांना. चरकसंहितेंत मूत्रसंग्रहणीय म्हणून जीं दहा द्रव्यें सांगितलीं आहेत, त्यांत जम्बू आहे, आम्र आहे, वड-पिंपळ-उंबरही आहेत. मूत्राचें प्रमाण आवरणारीं, एवढाच त्या गणाचा अर्थ. मधुमेह समूळ नाहींसा करण्याची ग्वाही त्या नांवांत नाहीं. १९२१ सालीं इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीं युरोपांतही जांभळाच्या बियांचें चूर्ण मधुमेह्यांस देत असत. इन्सुलिन आल्यावर तें मागें पडलें. उंदरांवरील प्रयोगांत या बियांच्या अर्कानें साखर उतरल्याचें पुष्कळदां दिसलें आहे. माणसांवरील कसोशीचे प्रयोग थोडे. ब्राझीलमध्यें जांभळाच्या पानांचा चहा मधुमेहावर घेण्याची चाल आहे. तेथील संशोधकांनीं २००४ सालीं तो चहा आणि मधुमेहाची गोळी यांची तुलना प्रसिद्ध केली. गोळीनें साखर उतरली, चहानें उतरली नाहीं. तीं पानें होतीं, बिया नव्हत्या, हें आम्ही विसरत नाहीं.

येथें आमची स्वतःची गोष्ट सांगतों, जरी ती फजितीची आहे. सहा वर्षांपूर्वीं आमच्या रक्तांत साखर निघाली. डॉक्टरांनीं गोळी दिली, गोड बंद करविलें आणि रोज तासभर चालावयास सांगितलें. आम्हीं तें सर्व केलें, आणि वर जांभळाच्या बियांचें चूर्णही सकाळ-संध्याकाळ घेऊं लागलों. तीन महिन्यांनीं साखर उतरली. भेटेल त्यास आम्हीं जांभळाचे गुण ऐकविले. शेजारच्या दोघांनीं आमच्या शब्दावर चूर्ण आणलेंही. आमची सूनबाई विज्ञानाची पदवीधर. ती एकदां म्हणाली, "मामंजी, चार गोष्टी आपण एकदम सुरू केल्या आणि श्रेय एकीलाच कसें देतां? आतां फक्त चूर्ण सोडून पाहा." आम्हीं कांहींशा रागानेंच तें सोडलें. पुढच्या तपासणींत आंकडा जवळजवळ तोच! एका माणसावरून सिद्धांत होत नाहीं हें खरें. पण आम्हीं आधीं जो सिद्धांत केला होता, तोही एका माणसावरूनच. दोघां शेजाऱ्यांपैकीं एकानें चूर्णाच्या भरंवशावर गोळीच सोडून दिली होती, हें मागाहून कळलें. त्यास पुन्हां डॉक्टरांकडे नेण्यास आम्हांस महिना लागला, आणि तो महिना आम्हांस सुखाचा गेला नाहीं.

सर्वच बियांची कीर्ति पोकळ असते असें नाहीं. पपईच्या बिया जंतांवर देण्याची चाल पुष्कळ देशांत आहे. नायजेरियांत पोटांत जंत असलेल्या साठ मुलांवर ती पाहिली गेली, आणि २००७ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. तीस मुलांस वाळविलेल्या बियांची पूड मधांतून दिली, तीस मुलांस नुसता मध. पहिल्या तीसांपैकीं तेवीस मुलें जंतमुक्त झालीं, दुसऱ्या तीसांपैकीं पांच. आम्हांस यांत महत्त्वाचीं वाटतात तीं हीं दुसरीं तीस मुलें. तीं नसतीं तर आपोआप बऱ्या झालेल्या पांचांचें श्रेयही पपईच्या पदरांत पडलें असतें. साठ मुलांवरील एक प्रयोग म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण त्यास पुरावा म्हणतां येतें. मोबाईलवर येईपर्यंत मात्र पपईची बी यकृत, मूत्रपिंड, सांधे, सर्व कांहीं दुरुस्त करूं लागलेली असते. जयपूरच्या संशोधकांनीं नर वानरांस या बियांचा अर्क दिला, तेव्हां त्यांच्या वीर्यांतील शुक्रजंतू नाहींसे झाले, आणि अर्क थांबविल्यावर पुन्हां दिसूं लागले, ही गोष्ट त्या मजकुरांत नसते. अर्कावरून चमचाभर बियांचें अनुमान काढतां येणार नाहीं. तरी रोज नेमानें त्या खाणाऱ्या तरुणांच्या कानांवर ती असावी. बाकी पपईच्या बिया मिऱ्यांतील भेसळ म्हणून न मागतांही आपल्या पोटांत जातातच. पाण्यांत टाकून पाहावें. मिरीं बुडतात, ह्या तरंगतात.

ग्रेपफ्रूट म्हणून पपनसाच्या कुळांतलें एक फळ आहे. त्याच्या बियांचा अर्क सर्व जंतूंचा नाश करतो, अशी मोठी ख्याति झाली. आणि गंमत अशी कीं तो खरोखरच जंतू मारीत असे. जर्मनींतील संशोधकांनीं १९९९ सालीं बाजारांतले सहा अर्क तपासले. पांच गुणकारी ठरले, आणि त्या पांचांतही बेंझेथोनियम क्लोराइड हें कारखान्यांत तयार होणारें जंतुनाशक सांपडलें. सहाव्यांत असलें कांहीं मिसळलेलें नव्हतें, आणि त्यानें जंतूही मारले नाहींत.

सीताफळाच्या बियांची पूड उवांवर चालते हें आपल्या आज्यांना ठाऊक होतें, आणि तें खरें आहे. पण तीच पूड डोळ्यांत गेल्यामुळें बुबुळास इजा होऊन दवाखान्यांत आलेल्या रोग्यांच्या नोंदी आपल्याच देशांतील नेत्रवैद्यांनीं केल्या आहेत. उवांसाठीं बारीक फणी पुरते. फणसाच्या आठळ्या उकडून, भाजून, भाजींत घालून खाव्या. तें अन्न आहे, आणि चांगलें अन्न आहे. कोंकणांत कोकमाच्या बियांचें तेल थंडींत टांचेच्या भेगांना लावतात, आणि त्यानें भेगा मऊ होतात. त्या तेलानें याहून अधिक कांहीं होतें असें तें काढणाऱ्या बायकांनीं आम्हांस कधीं सांगितलें नाहीं.

हें सर्व घेऊन आम्ही विद्यार्थ्याच्या मातोश्रींस भेटावयास गेलों. सायनाइडची हकीकत त्यांनीं शांतपणें ऐकून घेतली. पण त्यांची अडचण निराळीच होती. "भावानें मायेनें पाठविलें, गुरुजी. तें नको कसें म्हणूं?" आणि थोडें थांबून, "शिवाय मला त्या टेबलावर निजण्याची भीति वाटते." या भीतीवर आमच्यापाशीं कोणताही पुरावा नव्हता. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना आधीं एकदां निवांत भेटून, काय काय होणार तें सर्व विचारून घ्यावें, एवढेंच आम्हीं सुचविलें. त्या भेटल्या, तासभर बोलल्या. ठरलेल्या तारखेस शस्त्रक्रिया झाली. पुढील उपचार अद्याप चालू आहेत. मामा आमच्यावर रुष्ट आहेत. पुडा आमच्या कपाटांत कुलुपांत आहे, कारण घरांत नातवंडें आहेत, आणि दारांना बिजागऱ्याही आहेत.